शिट्टी व्हायच्या आधी

मिरजेत आमच्या बोळात एक चार वर्षांचा मुलगा राहतो. त्याला अजून 'आई' म्हणता येत नाही, पण 'यात्रीगण कृपया ध्यान दें' ही स्टेशनवरची घोषणा तो हेलासकट म्हणतो. पाहुण्यांना गंमत वाटते. आई हसत नाही. एवढं लांबलचक वाक्य जमतं, मग दोन अक्षरं का नाहीत, हा प्रश्न उशाशी घेऊन ती झोपते. झोपते म्हणजे मिळेल तेवढं. पोरगं रात्री दोनला उठतं आणि पाचपर्यंत खोलीत फेऱ्या मारतं.

मुलाला स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. जगात साधारण १०० मुलांमागे एकाला ती असते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांची झोप बिघडलेली असते. आईबापांच्या ताणावरच्या संशोधनात एक गोष्ट वारंवार दिसते. स्वमग्नता किती तीव्र आहे, यापेक्षा मूल अचानक किंचाळतं का, डोकं आपटतं का, हात सोडून पळतं का, यावर घरातल्यांचा ताण जास्त अवलंबून असतो.

या घरात सगळ्यात मोठा शत्रू कुकर. शिट्टी झाली की पोरगं कान दाबून जमिनीवर लोळतं. त्याची आई मला म्हणाली, "काकू, त्याला शिट्टीचं भ्या आणि मला त्याच्या वरडण्याचं. दोघंबी कुकरकडं बघत बसतो."

या एका वाक्यात ताणाचं अख्खं शास्त्र आहे. १९७०च्या सुमारास जे वाइस या अमेरिकी संशोधकाने उंदरांवर एक प्रयोग केला. दोन उंदरांना विजेचे सारखेच झटके, पण एकाला झटक्याआधी इशाऱ्याचा आवाज ऐकू येई, दुसऱ्याला आवाज येई तो कधीही, झटक्याशी संबंध नसलेला. इशारा मिळणाऱ्यांच्या पोटात अल्सर खूपच कमी झाले. झटका तोच, फरक एवढाच की एकाला मधल्या वेळात निवांत बसता येत होतं. दुसऱ्याला प्रत्येक क्षण झटक्याचाच.

स्वमग्न मुलाचं बरंचसं जग या दुसऱ्या उंदरासारखं असतं. आवाज, उजेड, गर्दी त्याच्यावर न सांगता येऊन आदळतात. आणि त्याच्या घाबरण्याचा स्फोट कधी होईल हे माहीत नसल्यामुळे आईही त्याच पिंजऱ्यात. एस्टीत बसताना, लग्नात पंगतीला, गणपतीत डॉल्बी वाजताना तिचं अर्धं लक्ष कायम त्याच्यावर.

असं सतत सावध राहणं शरीराला फुकट पडत नाही. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक स्रवतं. एरवी ते सकाळी चढतं आणि रात्रीपर्यंत उतरतं. संकट आलं की वाढतं. पण संकट वर्षानुवर्षं सरलंच नाही, तर काही जणांत ही यंत्रणाच थकल्यासारखी मंदावते. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २०१०मध्ये स्वमग्न मुलांच्या आयांची लाळ तपासली, तेव्हा त्यांचं कॉर्टिसॉल इतर आयांपेक्षा कमी भरलं. ही मुलं किशोरवयीन आणि प्रौढ होती, त्यामुळे चार वर्षांच्या पोराच्या आईला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. बापांचे अभ्यास तर आणखी कमी. आमच्या बोळातला बाप कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीला जातो, त्याला कोण विचारतंय?

एक झटका मात्र माणसांनीच दिलेला. सासूने विचारलं, तुझ्या माहेरी असं कुणी होतं का? शेजारीण म्हणाली, मोबाइल दिलास म्हणून. हा अडाणीपणा फक्त आपल्या गल्लीतला नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठे डॉक्टरही म्हणत की आई थंड, मायेला आखडती म्हणून मूल असं झालं. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४मध्ये ते खोडून काढलं. तो स्वतः अशाच मुलाचा बाप होता. १९७७मध्ये जुळ्यांच्या अभ्यासातून अनुवंशाचा हात दिसला. अनुवंश म्हटलं की बोट पुन्हा सुनेच्या माहेराकडे जाणार, म्हणून सांगते: जनुकं दोन्हीकडून येतात आणि काही बदल मुलात नव्यानेच घडतात.

मग करायचं काय? 'धीर धर' हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. त्यापेक्षा इशाऱ्याचा आवाज द्यावा. या आईने आता ओट्याशेजारच्या भिंतीवर फोटो चिकटवलेत: आंघोळ, चप्पल, कुकर, गच्ची. कुकर लावायच्या आधी ती त्याला फोटो दाखवते. तज्ज्ञ दूर असले म्हणून सगळं अडत नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून स्वमग्न मुलांच्या आईबापांसोबत कामाला लावलं होतं. आईबाप मुलाशी खेळताना व्हिडिओ काढायचा, मग तोच एकत्र बघून मूल कधी प्रतिसाद देतं ते शोधायचं. २०१६च्या अहवालानुसार ही मुलं आपणहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली.

परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा कुकर गॅसवर होता. पोराने फोटोकडे पाहिलं, आधीच कान झाकले आणि म्हणालं, "कृपया ध्यान दें." शिट्टी झाली. तो उभाच राहिला.

रात्रीचे दोन अजून तसेच आहेत. फक्त एक दिवसाआड आता सासू उठते.