गिरणीचा भोंगा थांबला, माग नाही

‘गिरण्या बंद पडल्या आणि सोलापूर संपलं.’ पुण्या-मुंबईत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता सोलापूरकरही ते म्हणू लागलेत. ते अर्धंच खरं आहे.

एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली ‘जुनी मिल’ 1960 च्या दशकात बंद झाली, पुढे इतर मोठ्या गिरण्याही गेल्या. हजारो घरांचा पगार थांबला, ते दुःख खोटं नाही. पण चादरीचं नाव गिरण्यांच्या धुराड्यांवर कधी अवलंबून नव्हतंच. ते उभं राहिलं तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवर. आधी हातमाग, मग यंत्रमाग. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंग उलटे. या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. शहराच्या पूर्व भागात आजही मागांची खटखट ऐकू येते, आणि तिथून निघणारा टॉवेल परदेशात जातो. (पानिपतचा माल ‘सोलापुरी’ म्हणून खपतो, हा मात्र वेगळाच संताप.)

तयार कपड्यांत हे शहर शाळेच्या गणवेशासाठी ओळखलं जातं. घरोघरी विडी वळणाऱ्या बायकांची कमाई तर ‘संपलं’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात येतच नाही.

अभिमानाचं म्हणाल, तर 1930 मध्ये ब्रिटिशांचा लष्करी कायदा (मार्शल लॉ) सोसलेलं हे गाव. 12 जानेवारी 1931 ला फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा इथलेच. मजुरी कमी आहे, पाणी रोज येत नाही, त्यावर जरूर भांडा.