ल्यों: डोंगर, नद्या आणि मागांनी घडवलेल्या वस्त्या

फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या वस्त्या ओळखायच्या तर पश्चिमेकडून पूर्वेकडे यावं. साधारण त्याच क्रमाने हे शहर वाढलं. इसवी सन पूर्व 43 मध्ये रोमनांनी लुग्दुनम वसवलं ते फूर्व्हिएरच्या टेकडीवर. त्यांचं रंगमंदिर अजून तिथे आहे. पुढे वस्ती उतरून सोन नदीच्या काठाला आली. आजचं ‘जुनं ल्यों’ म्हणजे सेंट-जाँ, सेंट-पॉल आणि सेंट-जॉर्ज हे तीन भाग. व्यापारी जत्रांच्या निमित्ताने आलेल्या इटालियन व्यापारी-सावकारांचा पैसा इथल्या वाड्यांत दिसतो.

1536 मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने शहराला रेशीम विणण्याची सवलत दिली आणि ल्योंचं नशीब पालटलं. त्याची खरी खूण मात्र क्रुआ-रूस या दुसऱ्या टेकडीवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापडात नक्षी विणणारं जॅकार्ड यंत्र आलं. ते मागाच्या डोक्यावर बसायचं, त्यामुळे जुन्या घरांत मावेना. मग टेकडीवर चार-चार मीटर उंचीच्या खोल्यांच्या इमारती उठल्या. उजेडासाठी मोठ्या खिडक्या, मागाला आधार द्यायला उघडी तुळई आणि झोपायला पोटमाळा. कारखाना आणि संसार एकाच छताखाली. आज हीच घरं महाग झाली आहेत, हा विणकरांच्या वाट्याला आलेला विनोदच!

या विणकरांना ‘कानू’ म्हणत. 1831 मध्ये ठरलेला मजुरीचा दर व्यापाऱ्यांनी पाळला नाही, तेव्हा ते टेकडी उतरून आले आणि त्यांनी नगरभवन ताब्यात घेतलं. 1834 चा उठाव लष्कराने चिरडला. क्रुआ-रूस तेव्हा वेगळी नगरपालिका होती, आणि ऱ्होन नदीपलीकडची गियोतिएरही. 1852 मध्ये दोन्ही ल्योंला जोडण्यात आल्या. कारभाराची सोय हे एक कारण होतं, पण बंडखोर उपनगरांवर नजर ठेवणं हे त्याहून मोठं, असं मला वाटतं.

दोन नद्यांमधला प्रेस्किल हा व्यापाऱ्यांचा आणि सरकारचा भाग. त्याचं दक्षिणेचं टोक अठराव्या शतकाच्या अखेरीस भराव टाकून वाढवलं, म्हणजे नद्यांचा संगमच पुढे सरकला!

विसाव्या शतकात जुन्या ल्योंची पार पडझड झाली होती. त्यातून रस्ता काढायचा बेतही झाला. जुन्या वस्त्या जपण्यासाठीच्या 1962 च्या मालरो कायद्याने ते टळलं. 1964 मध्ये हा भाग फ्रान्समधला पहिला संरक्षित विभाग ठरला, आणि 1998 मध्ये युनेस्कोने ल्योंचा ऐतिहासिक भाग जागतिक वारशात घेतला.

इमारतींच्या पोटातून एका गल्लीतून दुसरीत नेणारे बोळ, म्हणजे ‘ट्राबूल’, इथे आणि क्रुआ-रूसला दोन्हीकडे आहेत. पण ही खासगी घरं आहेत. काही बोळांबाबत पालिकेने रहिवाशांशी करार केले आहेत: दिवसा दार उघडं ठेवायचं, त्या बदल्यात सफाई आणि दिवाबत्तीचा भार पालिका उचलते.