नॉब फिरतो, सिंथ ढिम्म: कंट्रोल चेंज आणि सिस्टिम एक्सक्लुझिव्ह यांतला फरक

१९८० च्या दशकातला सिंथेसायझर आणि आजचा सोळा नॉबांचा कंट्रोलर मिडीच्या, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना अंकी संदेश पाठवण्याच्या प्रमाणाच्या, पाच पिनांच्या केबलने जोडले की नॉब फिरवताच फिल्टर उघडेल, ही समजूत इतक्या वेळा वाचनात येते की तिला उत्तर देताना आता संयम राखावा लागतो. केबल बसते, दिवा लुकलुकतो, कळा दाबल्या की सूरही उमटतात आणि नॉब मात्र निष्फळ फिरत राहतो. मग दोष चॅनेलला, केबलला किंवा बिचाऱ्या यंत्राच्या वयाला दिला जातो.

कंट्रोल चेंज, म्हणजे रोजच्या बोलण्यातला सीसी, सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे त्यावर फार शाई खर्चण्याचे कारण नाही. त्यात तीन बाइट असतात: चॅनेलसह संदेशाचा प्रकार, कंट्रोलरचा (म्हणजे काय बदलायचे त्याचा) क्रमांक आणि ० ते १२७ मधले मूल्य. आजच्या सिंथमध्ये ७४ क्रमांकावर बहुधा फिल्टरचा कटऑफ, म्हणजे फिल्टर जेथून आवाज कापतो ती सीमा, सापडतो आणि गोंधळाचे मूळ याच सवयीत आहे, कारण १९८३ साली मिडीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले तेव्हा ७४ ला हा अर्थ मिळालेलाच नव्हता. यामाहा डीएक्स७ हा त्याच काळातला सिंथ मॉड्युलेशन व्हील, ब्रेथ कंट्रोलर आणि सस्टेन पेडल यांचे सीसी निमूटपणे स्वीकारतो; त्यामुळे ‘याला सीसी कळतो’ असे सांगणारा खोटे बोलत नसतो. परंतु ते सीसी वाजवणाऱ्यासाठी आहेत, पॅच, म्हणजे सिंथमधला जुळवलेला आवाज, घडवणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

पॅच घडवण्याचे काम त्या पिढीतल्या बहुतेक यंत्रांनी सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, म्हणजेच सिस-एक्स, या संदेशांकडे सोपवले. सीसी ही चौकात पिटलेली दवंडी आहे; त्या चॅनेलवर जो ऐकत असेल त्याने आपापल्या परीने अर्थ लावावा. सिस-एक्स हा नावानिशी पाठवलेला लखोटा आहे. २४० या बाइटने तो सुरू होतो, पुढे निर्मात्याचा क्रमांक येतो (रोलँड ६५, कॉर्ग ६६, यामाहा ६७), मग त्या निर्मात्याने आपल्या मर्जीने ठरवलेला मजकूर, आणि शेवटी २४७. नाव जुळले नाही तर समोरचे यंत्र तो लखोटा फोडतही नाही.

खरी अडचण मधल्या मजकुरात आहे. डीएक्स७ च्या पहिल्या ऑपरेटरची (आवाज घडवणाऱ्या पहिल्या घटकाची) आउटपुट लेव्हल बदलायची असेल तर पहिल्या चॅनेलवर २४०, ६७, १६, ०, १२१, मूल्य, २४७ असे सात बाइट पाठवावे लागतात. अल्गोरिदमचा, म्हणजे ऑपरेटरांच्या आपसातल्या जोडणीचा, पॅरामीटर क्रमांक १३४ आहे; मिडीच्या एका डेटा बाइटमध्ये १२७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, म्हणून ‘०, १२१’ च्या जागी ‘१, ६’ लिहावे लागते, म्हणजे एकदा १२८ आणि वर ६. मूल्यांची मर्यादाही प्रत्येक ठिकाणी निराळी आहे: आउटपुट लेव्हल ९९ पर्यंत, अल्गोरिदम ३१ पर्यंत, फीडबॅक अवघा ७ पर्यंत.

रोलँड जुनो-१०६ त्या मानाने सुबोध आहे आणि नवशिक्याने सुरुवात तेथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. २४०, ६५, ५०, चॅनेल, पॅरामीटर, मूल्य, २४७ अशी त्याची रचना असून कटऑफचा क्रमांक ५ आहे. त्याच्या स्वतःच्या पट्टीवरचे स्लायडरसुद्धा सीसी न पाठवता हाच संदेश पाठवतात. मात्र पॅरामीटर १६ मध्ये ऑसिलेटरचे सप्तक, तरंगाकार आणि कोरस यांची बटणे एकाच बाइटच्या निरनिराळ्या बिटांत कोंबलेली आहेत. तेथे सरळ नॉब जोडला तर कोरस बदलताना सप्तकही बदलते. १९८७ चा रोलँड डी-५० आणखी पुढे जातो. त्याच्या संदेशात शेवटून दुसरा बाइट पडताळ्याचा (चेकसम) असतो आणि तो पॅरामीटरचा पत्ता व मूल्य यांच्या बेरजेवरून काढलेला असल्यामुळे, नॉब एक घर सरकला तरी पडताळा नव्याने मांडावा लागतो.

म्हणूनच कंट्रोलरच्या खोक्यावर ‘सिस-एक्सची सोय आहे’ असे छापलेले पाहून हुरळून जाऊ नये. बटण दाबताच ठरावीक ओळ पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि नॉबचे चालू मूल्य त्या ओळीच्या मधोमध बसवणे ही वेगळी. कमाल मर्यादा ठरवता येते का आणि पडताळा कंट्रोलर स्वतः मांडतो का, हे विचारल्याशिवाय खरेदी करू नये. इलेक्ट्रा वन हा कंट्रोलर हे सारे करतो. उत्पादन बंद झालेला बेहरिंगर बीसीआर२००० देखील करतो, फक्त त्यासाठी आज्ञा ओळीओळीने लिहिण्याची चिकाटी लागते. मिडी फायटर ट्विस्टर या कंट्रोलरचे सोळा एन्कोडर (न अडता गोल फिरत राहणारे नॉब) हाताला सुरेख लागतात, पण ते यूएसबीवरून चालतात आणि सीसी पाठवतात. मध्ये भाषांतर करणारा संगणक नसेल तर डीएक्स७ समोर ते शोभेचेच. ‘मिडी लर्न करून बघा’, म्हणजे नॉब फिरवून कोणता सीसी कशाला जोडायचा ते सिंथलाच शिकवा, हा सल्ला तर या यंत्रांच्या बाबतीत कोणी देऊच नये, कारण शिकण्याची सोय त्यांच्यात मुळातच नाही.

एनआरपीएन, म्हणजे निर्मात्याने स्वतः क्रमांक दिलेले पॅरामीटर बदलण्याची पद्धत, ही सीसींचीच साखळी; या यंत्रांपुढे तिचाही उपयोग नाही. पोटेन्शिओमीटर (दोन्ही टोकांना अडणारा नॉब) की एन्कोडर, या वादात मी बेधडक एन्कोडरच्या बाजूने आहे, कारण पॅच बदलल्यावर मूल्य उडी मारत नाही.

वेगाचा विचार मात्र करावा लागतो. मिडीवरून सेकंदाला ३,१२५ बाइट जातात, त्यामुळे सीसीला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, तर डीएक्स७ च्या सात बाइटांना सव्वादोन. झपाट्याने फिरवलेला नॉब जुन्या प्रोसेसरची सहज कोंडी करतो, म्हणून संदेश विरळ करण्याची सोय असलेला कंट्रोलर घ्यावा. आणि एवढे सारे जुळवल्यावरही शांतता असेल तर जुनो-१०६ च्या पाठीमागचा मिडी फंक्शनचा स्विच तिसऱ्या स्थानावर आहे का ते पाहावे, आणि डीएक्स७ मध्ये फंक्शन मोडमध्ये जाऊन सिस्टिम इन्फो ‘अव्हेलेबल’ करावे.