दुपारी पाणी घातलं की पानं जळतात?

दर उन्हाळ्यात हा मेसेज फिरतोच, की दुपारच्या उन्हात पानावर पाणी पडलं तर थेंब भिंगासारखं काम करतो आन पान जळतं. वाटतं खरं, कारण लहानपणी भिंगानं कागद आपण सगळ्यांनीच जाळलाय.

पण भिंग कागदापासून थोडं लांब धरावं लागतं ना, चिकटवून ठेवलं तर काय जळत नाही. थेंब पानाला चिकटूनच बसतो, त्यामुळं ऊन जिथं एकवटायला पाहिजे ती जागा पानाच्या पार खाली जाते, शिवाय पाणी पानाला गारच करतं आन सोलापूरच्या मे महिन्यात थेंब टिकतोय किती वेळ! फक्त लव असलेल्या पानांवर थेंब केसांवर अधांतरी राहतो, तिथं थोडाफार डाग पडू शकतो.

मग पानं करपतात कशानं? माती कोरडी, कुंडी तापलेली, किंवा गच्चीवरच्या टाकीचं चटका बसणारं पाणी थेट पाईपनं सोडलेलं. पांढरे डाग असले तर ते बहुतेक बोअरच्या पाण्यातले क्षार, ओल्या फडक्यानं पुसून बघा.

खात्री करायचीय तर जास्वंदीच्या एका पानाला दोरा बांधा, बारा वाजता त्यावर साधं गार पाणी शिंपडा, शेजारचं कोरडं ठेवा, दोन-तीन दिवसांनी दोन्ही बघा.

पाणी सकाळीच घाला हे मात्र बरोबर, कारण दुपारी जास्त पाणी वाफ होऊन जातं, आन आपल्याकडं नळाला रोज कुठं पाणी येतंय. पण दुपारी झाड मान टाकून बसलं आन माती खरंच कोरडी असली तर संध्याकाळची वाट बघू नका, बुडाशी तांब्याभर घाला.