एक्स(३८७२) नेमका कशाचा बनला आहे?

प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या क्वार्कची कल्पना १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे मांडली. तीन क्वार्कचा बॅरिऑन आणि क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचा मेसॉन, एवढ्यावर पुढे पाठ्यपुस्तकं थांबली. पण गेल-मान यांच्या त्या दोन पानी निबंधातच चार आणि पाच घटकांच्या कणांचा उल्लेख आहे. असे कण असूच नयेत असा नियम कधीच नव्हता. हलक्या क्वार्कच्या कणांत मात्र ते ओळखणं फार कठीण होतं, कारण तिथे अल्पायुषी कणांची गर्दी आहे आणि त्यांची पसरट वस्तुमानं एकमेकांवर चढतात.

जड क्वार्कनी ही अडचण दूर केली. नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत ब्रुकहेवन आणि स्टॅनफर्ड इथे जे-साय हा चार्म-प्रतिचार्म जोडीचा मेसॉन सापडला. त्यातला चार्म क्वार्क जड, म्हणून तुलनेने संथ. त्यामुळे चार्म-प्रतिचार्म जोडीच्या ऊर्जापातळ्या हायड्रोजन अणूसारख्या मांडता आल्या. यादी अशी पक्की झाली म्हणूनच तिच्यात न बसणारा कण पुढे उठून दिसला.

तो कण म्हणजे एक्स(३८७२). तो दिसला २००३ साली, जपानमधल्या त्सुकुबा इथल्या बेल या कणटकरींच्या प्रयोगात. बॉटम क्वार्क असलेल्या बी मेसॉनच्या क्षयात जे-साय आणि दोन पायॉन (सर्वांत हलके मेसॉन) यांच्या एकत्रित वस्तुमानात ३८७२ एमईव्हीला (कणांची वस्तुमानं मोजण्याचं ऊर्जेचं एकक) अरुंद शिखर आलं. हे वस्तुमान डी आणि डी-स्टार या चार्म क्वार्क असलेल्या तटस्थ मेसॉनांच्या वस्तुमानांच्या बेरजेशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. दोन चार्म मेसॉन एकमेकांना सैल धरून राहू शकतील, असं व्होलोशिन आणि ओकुन यांनी १९७६ मध्येच सुचवलं होतं. हा तोच दोन मेसॉनांचा ‘रेणू’, की चार क्वार्कचा घट्ट गोळा?

वस्तुमानावरून याचा निकाल लागत नाही. माझ्या मते खरा पुरावा क्षयांत आहे. हा कण जे-साय आणि रो, तसंच जे-साय आणि ओमेगा, अशा दोन्ही वाटांनी जवळपास सारख्याच प्रमाणात फुटतो. रो आणि ओमेगा हे हलक्या अप आणि डाउन क्वार्कचे मेसॉन; ओमेगात अप आणि डाउनच्या जोड्या समान चिन्हाने मिसळतात, रोमध्ये विरुद्ध चिन्हांनी. क्वार्कना बांधणारं प्रबळ बल अप आणि डाउन क्वार्कना समान वागवतं, त्यामुळे शुद्ध चार्म-प्रतिचार्म कणाला रोची वाट जवळपास बंदच असायला हवी. रेणू मानला तर उलगडा होतो: विद्युतभारित डी जोडीची बेरीज सुमारे ८ एमईव्हीने वर आहे, म्हणून तटस्थ जोडी वरचढ ठरते आणि अप-डाउन समतोल ढळतो.

पण २०२४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगाने या कणाचे फोटॉन देणारे क्षय मोजले. साय(२एस), म्हणजे जे-सायची वरची ऊर्जापातळी, आणि फोटॉन ही वाट जे-साय आणि फोटॉन या वाटेच्या सुमारे १.७ पट निघाली. निव्वळ रेणूच्या बहुतेक गणितांत हे प्रमाण एकाहून बरंच कमी येतं. म्हणजे आत घट्ट गाभ्याचाही अंश असावा.

दरम्यान २०१५ मध्ये पाच क्वार्कचे कण आणि २०२१ मध्ये टीसीसी, म्हणजे दोन चार्म क्वार्क असलेला चार घटकांचा कण, मिळाला. टीसीसी प्रबळ बलानेच फुटतो. त्यातल्या चार्मच्या जागी आणखी जड असे दोन बॉटम क्वार्क घातले तर कण इतका खोल बांधला जाईल, की त्याला फक्त क्षीण बलाने क्षय पावता येईल. कार्लिनर आणि रोझनर या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये गणिताने तो उंबरठ्याच्या, म्हणजे दोन वेगळ्या बॉटम मेसॉनांच्या वस्तुमानांच्या बेरजेच्या, सुमारे २१५ एमईव्ही खाली काढला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नीलमणी माथुर यांनी सहकाऱ्यांसह जालक-गणनेतून (अवकाश-काळाचे जाळीसारखे बिंदू पाडून संगणकावर केलेल्या गणनेतून) असे कण बांधलेले असल्याचं दाखवलं. प्रयोगात तो अजून हाती आलेला नाही. एकाच टकरीत दोन बॉटम क्वार्क जवळजवळ जन्मणं दुर्मीळ आहे, आणि त्याचे क्षय इतक्या वाटांत विभागले जातात की प्रत्येकीत मोजण्याजोगं फार थोडं उरतं.