402 मीटरमध्ये हवा कुणाची?

ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे 402 मीटरच्या सरळ शर्यतीत, टर्बो (हवा दाबून इंजिनात कोंबणारं यंत्र) भारी की साधं इंजिन, हा वाद गाडीवेड्यांमध्ये मिटता मिटत नाही. पण नाशिककरांनी तो घालताना आधी एक गोष्ट हिशोबात धरायला हवी. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण 7 टक्के कमी असतो. माणसाला ते जाणवतही नाही, पण इंजिनाला जाणवतं.

एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल काय, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) उघडा ठेवला की हवं तेवढं येतं. गाडं अडतं ते हवेपाशी. 1.2 लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन 6,000 आरपीएमला (मिनिटाला 6,000 फेरे) मिनिटाला फार तर 3,600 लिटर हवा आत घेतं. हे लिटर मुंबईत आणि नाशकात सारखेच, मात्र नाशकातल्या लिटरात हवा कमी भरते. त्यात मे महिन्यातली 40 अंशांची दुपार असेल तर ती आणखी विरळ होते.

साध्या, म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिनाकडे (पोरं त्याला 'एनए' म्हणतात) यावर उपाय नसतो. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आपल्या दाबाने आत शिरते. बाहेरचाच दाब कमी, तर ताकदही तेवढीच कमी. कसारा घाटात एनए गाडी धापा टाकते तेव्हा लोक 'हवा विरळ झाली' म्हणतात. तिथे मुख्य दोष चढाचा असतो हे खरं, पण इगतपुरीला पोचेपर्यंत हवेनेही आपला वाटा काढून घेतलेला असतो.

टर्बोची कल्पना नेमकी याच अडचणीवर वाढली. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण खरी कसोटी लागली ती विमानांच्या निमित्ताने. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी 'लिबर्टी' नावाचं विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे 4,300 मीटर उंच शिखरावर नेलं. खाली 350 अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर 230 च्या आसपास आलं. टर्बो जोडल्यावर त्याच जागी त्याने 356 दिली.

यंत्र तसं सुटसुटीत आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे वाया जातो. त्या तापलेल्या वायूच्या वाटेत एक चक्र ठेवायचं, त्याच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र, आणि दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. आडगाव नाक्याकडच्या ट्रकच्या गॅरेजांत असा उघडलेला टर्बो हातात घेऊन पाहावा. दांडा बोटाने किंचित हलतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, झिजलाय. पण नवाही थोडा हलतोच, कारण चालू असताना तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे घेतो. गाडी बंद करण्याआधी थोडा वेळ तशीच चालू ठेवा, असं जुने मेकॅनिक सांगतात ते या तेलासाठीच.

फरक किती पडतो? ह्युंदाईच्या आय-20 मध्ये 1.2 लिटरचं साधं इंजिन 83 पीएस (जवळपास अश्वशक्तीएवढंच माप) द्यायचं, तर 1.0 लिटरचं टर्बो 120 पीएस. इंजिन लहान, ताकद जवळपास दीडपट. नाशकात ही दरी आणखी रुंदावते, कारण सेन्सरने दाब मोजणारा टर्बो थोडा जास्त फिरून उंचीची तूट भरून काढतो.

मग ड्रॅग रेसमध्ये टर्बोच जिंकणार, विषय संपला? इतकं सोपं नाही. पाव मैल म्हणजे 402 मीटर, सरळ रेषेत, थांबलेल्या गाडीपासून. टर्बोची गोची इथे सुरुवातीलाच होते. चक्र फिरायला वायू हवा, वायू यायला इंजिन जोरात चालायला हवं, आणि गाडी तर उभी. हाच लॅग. मोठा टर्बो जड जात्यासारखा असतो: हलायला वेळ लावतो, पण एकदा फिरू लागला की ऐकत नाही. लहान टर्बो लगेच जागा होतो, पण वरच्या आरपीएमला त्याचा घसा आवळतो.

यावर रेसवाल्यांनी शोधलेली तोड आवाजावरून ओळखू येते. सुरुवातीच्या रेषेवर लाँच कंट्रोल ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इंजिनाचा आरपीएम एका ठिकाणी रोखून धरतं आणि स्पार्क मुद्दाम उशिरा देतं. त्यामुळे मिश्रणाचा काही भाग सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये पेटतो. फटाक्यांची माळ लावल्यासारखा फटफट आवाज येतो, टर्बो गरगर फिरतो आणि गाडी जागची न हलता बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, तयार होतो. टर्बोचे दिवस मात्र यात भराभर कमी होतात.

आणि बूस्ट तयार असला तरी पहिल्या 60 फुटांत प्रश्न ताकदीचा नसतोच, टायरच्या पकडीचा असतो. पहिल्या गिअरमध्ये जुनी होंडा सिटी व्हीटेकसुद्धा टायर जागच्या जागी फिरवू शकते. टर्बोचा टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) एकदम आला की चाकं नुसतीच धूर काढतात. म्हणून मुरलेले ट्यूनर पहिल्या गिअरला बूस्ट कमी ठेवतात आणि पुढे वाढवत नेतात. इथे दवडलेला दशांश सेकंद शेवटी दीड दशांशाच्या आसपास महागात पडतो. (आणि हे सगळं बंद ट्रॅकवर किंवा धावपट्टीवर. गंगापूर रोडवर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे गुन्हा आहे.)

टर्बोचा दुसरा शत्रू उष्णता. हवा दाबली की तापते. 40 अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर ती 140 अंशांच्या आसपास पोचते. तापलेली हवा पुन्हा विरळ, शिवाय इंजिनात नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याची भीती. म्हणून मध्ये दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर. पण त्याला गार करणारा वारा मिळतो तो गाडी पळताना. रांगेत उभ्या गाडीला कुठून मिळणार? रेसवाले इंटरकूलरवर बर्फाच्या पिशव्या ठेवतात ते याचमुळे.

वेळेचा हिशोबही फसवा आहे. ताकद दुप्पट झाली म्हणून वेळ निम्मा होत नाही. तो ताकदीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे वजन तेच राहिलं तर 16 सेकंदांची गाडी दुप्पट ताकदीने सुमारे 12.7 सेकंदांवर येते. याच सूत्राने नाशिकच्या उंचीची किंमत काढली, तर 16 सेकंदांच्या एनए गाडीला 0.4 सेकंदांच्या आसपास तोटा होतो.

एनए म्हणजे मागास, असं मात्र मला वाटत नाही. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या प्रो स्टॉक वर्गात 500 घन इंचांची, म्हणजे 8.2 लिटरची इंजिनं टर्बोशिवाय आणि सुपरचार्जरशिवाय (इंजिनाच्याच ताकदीवर हवा कोंबणारं यंत्र) पाव मैल साडेसहा सेकंदांत कापतात. उंचावरच्या डेन्व्हरला त्याच गाड्या सातच्या जवळ जात.

साध्या हौशी माणसाला एनए गाडी खरी लाभते ती ब्रॅकेट रेसिंगमध्ये. तिथे आपल्या गाडीला किती सेकंद लागतील तो आकडा चालक आधीच काचेवर लिहितो आणि त्याहून वेगात गेला तर बाद होतो. लॅग नाही, इंटरकूलर तापण्याची भानगड नाही, त्यामुळे एनए गाडी फेरीमागून फेरी तोच वेळ देते. फक्त हवेकडे लक्ष ठेवावं लागतं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या पहाटे आणि मेच्या भर दुपारी एकाच गाडीच्या वेळेत पाव ते अर्ध्या सेकंदाचा फरक पडू शकतो. ऊन चढलं की काचेवरचा आकडा पुसून नवा लिहावा लागतो.