पार्श्वभूमी : फुटलेलं गुपित, बदललेला शेवट

क्रॉसओव्हरचा, म्हणजे वेगवेगळ्या मालिकांतले नायक एकत्र आणणाऱ्या कथेचा, शेवट फसला की नाशिकच्या कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या गप्पांत हमखास एक जुनं उदाहरण निघतं, डीसी कंपनीच्या १९९१ सालच्या ‘आर्मागेडन २००१’चं. वयाने लहान असलेल्यांनी तो वाचलेला नसतो, पण भांडण त्यांना माहीत असतं. त्या भांडणाची पार्श्वभूमी नीट मांडायला हवी, कारण पुढच्या तीस वर्षांतल्या बहुतेक तक्रारींची मुळं तिथे सापडतात.

त्याआधीचं थोडक्यात. मराठी वाचकाला दोन नायक एका गोष्टीत भेटतात हे नवीन नव्हतं. १९७७ मध्ये वेताळाच्या (फँटमच्या) लग्नाला जादूगार मँड्रेक हजर होता. पण ती पाहुणचाराची भेट होती, तिने कुणाचं आयुष्य बदललं नाही. अमेरिकेत १९८४-८५ मध्ये खेळण्यांच्या विक्रीला जोड म्हणून मार्व्हल कंपनीचा बारा अंकांचा एक क्रॉसओव्हर निघाला. १९८५-८६ मध्ये दुसऱ्या कंपनीने, डीसीने, बारा अंकांतच आपली अनेक विश्वं मोडून एक केली. दोन्ही तुफान खपले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात असं काहीतरी आलंच पाहिजे असं ठरून गेलं.

‘आर्मागेडन २००१’ची रचना मात्र खरोखर चांगली होती. सुरुवातीचा एक अंक, शेवटचा एक अंक आणि मधे बारा वेगवेगळ्या मालिकांचे वार्षिकांक, असे एकूण चौदा. किंमत प्रत्येकी २ डॉलर. गोष्ट अशी: २०३० साली जगावर मोनार्क नावाच्या चिलखतधारी हुकूमशहाचं राज्य आहे. तो पूर्वी एक नायक होता आणि २००१ मध्ये उलटला, एवढंच ठाऊक आहे. कोण, ते माहीत नाही. वेव्हरायडर नावाचा माणूस २०३० मधून १९९१ मध्ये येतो. ज्याला तो हात लावतो त्याचं संभाव्य भविष्य त्याला दिसतं. मग प्रत्येक वार्षिकांकात एक नायक, एक भविष्य आणि एक निकाल: हा मोनार्क नव्हे. एका अंकात सुपरमॅन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होतो, दुसऱ्यात मॅक्सिमाशी लग्न करतो.

म्हणजे वाचकाच्या हातात यादी होती. अंक वाचायचा, नाव खोडायचं. ही मेहनत वाचकाने स्वखुशीने केली, कारण लेखकांनी त्याला तसं करायला सांगितलं होतं. यादीत शेवटपर्यंत न खोडलेलं एक ठळक नाव उरत होतं: कॅप्टन अ‍ॅटम. त्याचं अंग धातूचं, त्याला सैन्याची पार्श्वभूमी, आणि बारा वार्षिकांकांत त्याचा स्वतःचा एकही नाही. मूळ बेत तोच होता. शेवटचा अंक निघण्याआधी हे गुपित बाहेर पडलं आणि वाचकांत सगळीकडे पसरलं. कंपनीने ऐनवेळी मोनार्क बदलला आणि हॉक या दुसऱ्याच नायकाला त्या चिलखतात बसवलं.

वादाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहायला हवं. हॉक आणि डव्ह या जोडीचा वार्षिकांक (क्रमांक २) त्याच बारांत होता. त्यात ही जोडी भविष्यात मोनार्कशी लढताना दिसते. म्हणजे ज्याचं नाव वाचकाने कंपनीच्याच छापील पुराव्यावरून खोडलं होतं, तोच गुन्हेगार निघाला. शेवटच्या अंकात वेव्हरायडर कॅप्टन अ‍ॅटमला हात लावतो, दोघांच्या ऊर्जेच्या टकरीत काळाला भेग पडते, तिच्यातून मोनार्क १९९१ मध्ये येतो. तो हॉकच्या डोळ्यांदेखत डव्हला मारतो. हॉक संतापून मोनार्कला मारतो, शिरस्त्राण काढतो, तर आत त्याचाच चेहरा. मग ते चिलखत तो स्वतः चढवतो. काही पानांपूर्वीपर्यंत कॅप्टन अ‍ॅटमच्या दिशेने धावणारी गोष्ट तिथे एकदम वळते. रूळ बदलल्याचा खडखडाट वाचताना ऐकू येतो.

कंपनीची बाजू घेणारेही आहेत. त्यांचं म्हणणं, उत्तर सगळ्यांना माहीत झाल्यावर रहस्यकथेत उरतं काय? दुकानदारांनी शेवटच्या अंकाच्या ऑर्डर आधीच दिलेल्या, अंक न खपले तर परत करण्याची सोय नाही, मग काहीतरी धक्का द्यायलाच हवा होता. हे कारण समजतं, पण पटत नाही. गुपित फुटल्यावर वाचकाला कळून चुकलं होतं, ‘माझा तर्क बरोबर होता’, आणि त्यात आनंद होता. तो काढून घेऊन बदल्यात जे दिलं ते आधीच्या अंकांशी जुळत नव्हतं. रहस्याचा शेवट ओळखता येणं हा दोष नाही. ओळखता न येणं, कारण पुरावाच खोटा होता, हा दोष आहे. आणि नुकसान दोन्ही पात्रांचं झालं. त्याच वर्षी कॅप्टन अ‍ॅटमची मालिका ५७ व्या अंकावर थांबली, हॉक-डव्हची २८ व्यावर.

पुढे १९९४ मध्ये मोनार्क झालेल्या हॉकला एक्स्टंट हे नवं रूप दिलं गेलं, कालांतराने डव्हला जिवंत परत आणावं लागलं, आणि २००६-०७ मध्ये कॅप्टन अ‍ॅटम शेवटी मोनार्क झालाच. पंधरा वर्षांनी. तोवर तर्क लढवणारे वाचक पांगले होते.

नंतरचे वाद याच साच्यातले. २००७-०८ मध्ये ५१ आठवड्यांची एक मालिका उलटे आकडे मोजत ‘फायनल क्रायसिस’कडे नेणार होती. मुख्य कथा आली तेव्हा ओरायन या पात्राचा मृत्यूसुद्धा दोन्हीकडे जुळेना. वर्षभर दर आठवड्याला पैसे मोजणाऱ्यांना ते झोंबणारच. मार्व्हलच्या २०१७ च्या ‘सीक्रेट एम्पायर’मध्ये कॅप्टन अमेरिका शत्रूच्या गोटात दाखवला. कथा पूर्ण होईपर्यंत मत बनवू नका, अशी विनंती कंपनीला जाहीरपणे करावी लागली. शेवटी दोन कॅप्टन निघाले, खरा जिंकला. डीसीच्या २०१८-१९ च्या ‘हीरोज इन क्रायसिस’मध्ये वॉली वेस्टला (फ्लॅशला) सहकाऱ्यांच्या मृत्यूचा दोषी ठरवलं, आणि २०२१ मध्ये दुसऱ्या लेखकाला तो डाग पुसावा लागला. प्रत्येक वेळी आधी धक्का ठरला, पात्राचा स्वभाव मागाहून त्याला जुळवला.

हिंदीतही हेच दुःख आहे, फक्त वेगळ्या कारणाने. राज कॉमिक्सच्या नागराज, ध्रुव, डोगा या नायकांना एकत्र आणणाऱ्या ‘सर्वनायक’चे भाग २०१३ नंतर इतके लांबत गेले की मागच्या भागातले धागे आठवण्यासाठी तो पुन्हा काढून वाचावा लागे.

नाशिकमध्ये इंग्रजी अंक छापील रूपात त्याच आठवड्यात मिळणं अवघड. कुणी डिजिटल वाचतं, कुणी काही महिने थांबून संकलित खंड मागवतं. त्यामुळे इथली नाराजी दोन लाटांत येते, आणि दोघांचे मुद्दे वेगळे असतात. सुटे अंक वाचणाऱ्याला वाट पाहायला लावल्याचा राग असतो. खंड वाचणाऱ्याला गोष्ट तुटक वाटते, कारण बऱ्याच खंडांत फक्त मुख्य मालिका असते आणि महत्त्वाचा प्रसंग बाहेरच्या टाय-इनमध्ये, म्हणजे कथेला जोडलेल्या इतर मालिकांच्या अंकांत, घडून गेलेला असतो. ‘सगळा क्रॉसओव्हरच वाईट’ असं म्हणण्याआधी खंडाची अनुक्रमणिका अंकांच्या यादीशी ताडून पाहावी.

‘आर्मागेडन’ जुन्या अंकांत वाचायचा असेल तर चौदा जमवण्याची गरज नाही. सुरुवातीचा अंक, सुपरमॅनच्या तीन वार्षिकांकांपैकी अ‍ॅक्शन कॉमिक्सचा क्रमांक ३, मग हॉक-डव्हचा क्रमांक २ आणि शेवटचा अंक, या क्रमाने चार पुरतात. हॉक-डव्हचा अंक शेवटच्या आधीच वाचावा, नाहीतर विसंगती लक्षातच येत नाही. मागवताना मधल्या पानांचा फोटो मागावा, कारण स्टेपल गंजली की मधलं पान आधी सुटतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे अंक उघड्या कपाटात ठेवू नयेत. प्लास्टिकच्या पाकिटात मागे आम्लरहित पुठ्ठा घालून, उभे, झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि डब्यातली सिलिका जेलची पुडी दर पावसाळ्याआधी बदलावी.